माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचा आहे आणि त्यातून देणगीदारही जोडायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

(प्रश्न थोडक्यात असा: जळगावकडच्या एका संलग्न कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे. नॅकच्या (कॉलेजच्या सरकारी मूल्यांकनाच्या) आधी माजी विद्यार्थी मेळावा घेऊन देणग्या जमवायचं काम गळ्यात पडलं आहे. बजेट तुटपुंजं, अनुभव शून्य.)

‘गळ्यात पडलं आहे’ हे शब्द वाचून हसू आलं, कारण माझ्याही गळ्यात ते असंच पडलं होतं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉमर्स शिकवायचो. हिशेब येतो म्हणून माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार झालो आणि निवृत्तीपर्यंत सुटलो नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे लिहिलेल्या चुका त्याच्या माथी मारायच्या नाहीत. अर्ध्या माझ्याच आहेत.

आमचा पहिला मेळावा आधी ऐका. मांडव मोठा, स्टेजवर चौदा खुर्च्या. सकाळी साडेदहाला दीपप्रज्वलन झालं आणि पावणेदोन वाजेपर्यंत शाल-श्रीफळंच चालली होती. सुरतेहून आलेली मंडळी मागच्या रांगेत घड्याळ बघत होती. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. शेवटी कॉलेजला मदत करण्याचं आवाहन झालं आणि खुर्च्यांवर पाकिटं वाटली. अकरा पाकिटं परत आली. त्यातली रक्कम मांडववाल्याच्या बिलाच्या निम्मीही नव्हती. जाताना एकजण मला म्हणाला, “सर, आम्हाला भेटायला बोलावलं होतं की ऐकायला?”

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं. मेळाव्याच्या दिवशी पैसे मागायचेच नाहीत. त्या दिवशी माणसं गोळा करायची आणि मागच्या वर्षी मिळालेल्याचा हिशेब द्यायचा. मागायचं ते आधी किंवा नंतर, एकेकट्याला, आणि नेमक्या गोष्टीसाठी.

आता आवतणाकडे येतो, कारण निम्मा मेळावा तिथेच जिंकला किंवा हरला जातो. आपल्याकडे नुसती लग्नपत्रिका टाकली तर लोक म्हणतात, “पत्रिका आली, बोलावणं नाही आलं.” व्हॉट्सअॅपवरचं कार्डही तसंच. प्रत्येक बॅचमधला एक माणूस धरा, ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. तो हुशार विद्यार्थी नसतो. बहुतेक वेळा मॉनिटर, क्रिकेटच्या टीमचा कप्तान किंवा कँटीनमध्ये उधारी ठेवणारा असतो. त्याला कॉलेजात बोलवा, चहा पाजा आणि त्याच्या बॅचचे वीस फोन त्याच्याकडूनच करून घ्या. माझ्या समोर बसून एकाने आपल्या जुन्या मित्राला फोन लावला तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, “काय भो, माले बलावाले तुम्हले नऊ वरीस लागनात का?” माणूस रागावलेला नव्हता, वाट बघत होता.

यादी मात्र तुम्हालाच करावी लागेल. जनरल रजिस्टर आणि टीसीची स्थळप्रत यावर ती उभी राहते. त्यात एक अडचण लक्षात ठेवा. मुलींची नावं तिथे माहेरची असतात. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, आणि कॉलेजच्या लेखी त्या हरवल्या. आमच्या पहिल्या मेळाव्याला बायका जेमतेम बारा-पंधरा होत्या. प्रत्यक्षात आमच्या आर्ट्‌सच्या वर्गात निम्म्या मुली असायच्या. त्यांच्यातल्या कितीतरी आज शिक्षिका, नर्स, बँकेत अधिकारी आहेत, स्वतःच्या कमाईतून देणाऱ्या आहेत. त्यांचा पत्ता माहेरच्या घरी मिळतो. भावाला विचारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी येतात तेव्हा नंबर घ्यायला जा. मेळावा मात्र आखाजीला ठेवू नका. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको, शिवाय परीक्षाही असतात.

तारीख कोणती? माझं उत्तर: भाऊबीज ते लाभपंचमी यांमधले दोन दिवस. कारण सुरत. उधना, लिंबायत भागात आपली माणसं किती आहेत ते नंदुरबार-अमळनेर मार्गावरची दिवाळीतली गाडी बघितली की कळतं. सुरतेचा कापडबाजार लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतो, तोवर माणूस गावी असतो. पुणे-पिंपरीवाले, नाशिकच्या अंबड-सातपूरवालेही भाऊबीजेला घरीच असतात. पुढे तुळशीचं लग्न झालं की लग्नतिथी सुरू होतात आणि मग रविवार तुमचा राहत नाही. दिवाळीच्या सुटीत कॉलेज रिकामं असतं, वर्ग वापरता येतात. शिपाई मंडळींना मात्र सुटी मोडून यावं लागतं. त्यांना त्याचे पैसे द्या आणि जेवणाच्या पंगतीत बसवा. माजी विद्यार्थी प्राचार्यांना ओळखत नाहीत, शिपायाला ओळखतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे साठीकडे झुकलेल्या किंवा त्यापुढच्या, हातात पैसा खेळणाऱ्या बहुतेक माणसाच्या पदवीवर पुण्याचं नाव आहे. त्याची माया विद्यापीठावर नसते, ती त्या इमारतीवर आणि तिथल्या दोन-तीन सरांवर असते. विद्यापीठाच्या विभागाने कार्यक्रम घ्यायचा असेल तरी या वयाची माणसं हवी असतील तर कॉलेजांतूनच जावं लागेल. तुम्ही कॉलेजातच आहात, तेव्हा तुमचं अर्धं काम सोपं आहे.

दिवसाचा कार्यक्रम कसा असावा? स्टेज छोटं, भाषणं तीन, प्रत्येकी आठ मिनिटं. सत्कार असतील तर निवृत्त शिक्षकांचे आणि तेही जागेवर जाऊन. आमच्याकडे सगळ्यात गाजलेली गोष्ट फुकट होती. स्टोअरमध्ये १९८७-८८ च्या बी.एस्सी.च्या वर्गाचा हजेरीपट सापडला. त्या वर्गाला केमिस्ट्री शिकवणारे सर तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना जुन्या लॅबमध्ये खुर्चीवर बसवलं, चष्मा पुसून दिला, आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. पन्नाशी ओलांडलेली माणसं, कुणी केळीच्या गाड्या लावणारा, कुणी बोदवडला मेडिकल चालवणारा, बाकावर दाटीवाटीने बसून “हजर सर” म्हणत होती. रोल नंबर एकोणतीसला कुणी बोललं नाही. सरांनी पुन्हा नाव घेतलं. मग मागून आवाज आला, “सर, तो कोरोनात गेला.” सरांनी पेन उचललं, त्या रकान्यात काही लिहिलं नाही, आणि थोड्या वेळाने तीस म्हणाले.

त्या बॅचला आम्ही एक रुपयाही मागितला नव्हता. आठवड्याने त्यांच्यातल्या दोघांचा फोन आला की त्या एकोणतीस नंबरवाल्याच्या नावाने केमिस्ट्रीत पहिला येणाऱ्याला बक्षीस ठेवायचं आहे, किती लागतील? इथे माझ्यातला खजिनदार जागा झाला. व्याजातून बक्षीस द्यायचं तर साडेसहा टक्क्यांनी २५,००० च्या ठेवीवर वर्षाला १,६२५ रुपये येतात. व्याजदर खाली गेला की बक्षीसही आटतं. आमच्याकडे सत्तरच्या दशकातलं एक बक्षीस होतं, ज्याचं व्याज शेवटी प्रमाणपत्राच्या छपाईलाही पुरेना. म्हणून मी त्यांना सरळ सांगितलं की ५०,००० करा आणि दरवर्षीच्या व्याजातलं थोडं मुद्दलात टाकायची परवानगी लेखी द्या. त्यांनी ७५,००० पाठवले.

मोठ्या देणगीदारांसाठी वेगळी बैठक ठेवा, आदल्या संध्याकाळी, वीस-पंचवीस जणांची. हॉटेलात नको. कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी करा. दिवाळीपर्यंत हिरवी-पांढरी भरिताची वांगी बाजारात यायला लागतात. काड्यांवर वांगी भाजली जात असताना, धूर डोळ्यांत जात असताना माणूस जसा बोलतो तसा तो एसी हॉलमध्ये बोलत नाही. कळण्याची भाकरी, पातीचा कांदा, पुऱ्या, आणि शेवभाजी असेल तर बरंच. संस्थेच्या अध्यक्षांना बोलवा, पण माईक ठेवू नका. तिथेही आकडा विचारू नका. कुठल्या खोलीचं छत गळतं, कुठल्या मुली वसतिगृह नाही म्हणून शिक्षण सोडतात, हे तिथल्या शिक्षकाने सांगावं. प्राचार्यांनी सांगितलं की ते मागणीपत्र वाटतं.

आणि देणगीदार कपड्यांवरून ओळखू नका. अमळनेरचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या साध्या माणसांनी तिचे शेअर घेतले, काहींनी ते विकलेच नाहीत. सायकलवर येणाऱ्या म्हाताऱ्याकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. याच गावात प्रतापशेठांच्या देणगीतून शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, त्याच प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. आपल्या भागातल्या जुन्या कॉलेजांच्या नावातच देणगीदार आहेत: प्रताप, मूळजी जेठा. देण्याची सवय इथे नवी नाही, आपण हिशेब देण्याची सवय मोडली एवढंच.

तर हिशेब. लग्नात आहेराची वही असते ना, कुणी काय दिलं ते लिहायला? आम्ही ती दोन्ही बाजूंनी भरली. डावीकडे कुणी काय दिलं, उजवीकडे कॉलेजने त्याचं काय केलं. “तुमच्या ३,००० मधून लॅबच्या बेसिनचे चार नळ बदलले, पाणी गळत नाही” असं पोस्टकार्ड एका टायरवाल्याला गेलं. तो पुढच्या महिन्यात येऊन नळ उघडून बघून गेला. बघायला आलेला माणूस पुन्हा देतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नवल वाटत नाही.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात, पण ती चुकवू नका. नॅकमध्ये माजी विद्यार्थ्यांचा सहभाग बघितला जातो, म्हणून घाईत संघाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते आणि मग बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचे) वर्षानुवर्षं पडून राहतात. बँकेत सही कुणाची हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. पैसे संघाच्या खात्यात घ्यायचे की संस्थेच्या, हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लिहून घ्या. ज्याच्याकडे देणगीवर करसूट देणारी नोंदणी (तिला ८०जी म्हणतात) आहे त्याच्याच पावतीवर आयकरात सूट मिळते. रोख देणगी २,००० च्या वर असेल तर ती सवलतीला धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय, आणि सोबत पॅन. नवीन करप्रणालीत असलेल्याला ही सूट मिळतच नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ असं माईकवरून सरसकट सांगू नका. वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत देणग्यांचं विवरण भरायचं असतं, त्यावरूनच देणगीदाराला प्रमाणपत्र निघतं. नियम बदलत असतात, सीएला विचारून घ्या. तुमच्याच माजी विद्यार्थ्यांत एक तरी सीए असणार.

परदेशातल्या विद्यार्थ्यांबाबत विशेष सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईचा किंवा अमेरिकेचा माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात, मग तो मूळचा चोपड्याचा असला आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. त्यासाठी एफसीआरए या विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतलं खातं लागतं. आमच्याकडे एकाने प्रेमापोटी थेट पैसे पाठवले होते, ते परत करताना मला रात्रभर झोप नव्हती. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीच्या, मागे पहिल्या वर्षी लागू नका. कंपनीत मॅनेजर असलेला माजी विद्यार्थी म्हणजे कंपनीचा खिसा नव्हे. तो ओळख करून देईल, तेवढ्यावर आभार माना.

पहिल्या वर्षी चारच बॅच बोलवा, दीडशे माणसं पुष्कळ झाली. उद्याच स्टोअररूमची किल्ली मागा. ती ऑफिसात नसेल तर निवृत्त झालेल्या एखाद्या शिपायाकडे असते किंवा कुठे आहे ते त्याला माहीत असतं. जुने हजेरीपट खालच्या फळीवर असतील तर त्यांना वाळवी लागलेली असू शकते, पानं उलटण्याआधी मोबाईलवर फोटो काढून घ्या.