तळहातावरच्या दह्याविषयी

प्रिय चिऊ,

गेल्या शनिवारी तू सॉफ्टबॉलच्या निवडचाचणीला निघालीस, तेव्हा मी तुझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. तुझी मैत्रीण दारात उभी आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. रात्री तू विचारलेस, "बाबा, तुझा यावर खरंच विश्वास आहे, की आपण शिकागोत राहतो म्हणून करतोस? सांगलीत असतास तर केलं असतंस?" मी ते हसण्यावारी नेले, पण प्रश्न मनाला लागला.

२५ जून १९८३ च्या रात्री मी दहा वर्षांचा होतो. आप्पाआजोबांचा ट्रान्झिस्टर कोनाड्यात होता. भारताचा डाव १८३ धावांत आटोपल्यामुळे मोठी माणसे हिरमुसली होती आणि रिचर्ड्‌स तर घरी जायची घाई असल्यासारखा फटकावत होता. मी पाणी प्यायला उठलो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवला, आणि नेमका तेव्हाच मदनलालच्या चेंडूवर कपिलदेवने मागे धावत जाऊन त्याचा झेल घेतला. उंबऱ्यावर उभे राहिले की एरवी पाठीत धपाटा घालणारी आजी त्या रात्री म्हणाली, "तिथंच थांब, हलू नकोस." वेस्ट इंडीजचा संघ १४० धावांवर बाद होईपर्यंत मी तहानलेला तिथेच उभा होतो, आणि तो विश्वचषक आपल्या पायाने आला, अशी पुढे कित्येक वर्षे माझी समजूत होती.

दह्याला मात्र असे यश कधी मिळाले नाही. शाळेच्या एका सामन्याला आजीचे दही-साखर खाऊन गेलो, चिकट हात चड्डीला पुसला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो. आजीचे म्हणणे असे, की दही होते म्हणून एवढ्यावर निभावले.

आता तुझ्या बेसबॉलकडे पाहा. वेड बॉग्ज नावाचा फलंदाज प्रत्येक सामन्याआधी कोंबडी खात असे. आपल्या शिकागो कब्ज संघाचाच गोलंदाज टर्क वेंडेल दोन इनिंगच्या मधे दात घासत असे. गोलंदाजाने एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका, दिलेली नसेल, तर सातव्या-आठव्या इनिंगला त्याचे सहकारी त्याच्याशेजारी बसत नाहीत आणि त्या गोष्टीचा उच्चारही करत नाहीत; आमच्याकडे यालाच दृष्ट लागणे म्हणतात. (आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवल्यावर "आज शांतता आहे" असे कोणी म्हणत नाही, आणि ते सगळे इंजिनिअर आहेत.) अर्थात त्यांचेही असेच असते म्हणून आपले बरोबर ठरत नाही, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो.

२ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तुला आठवणार नाही, तू झोपली होतीस. १९०८ नंतर कब्जने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकलेले नव्हते आणि त्या रात्री तिचा शेवटचा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये समोरच्या क्लीव्हलँड संघाच्या रजाई डेव्हिसच्या होमरनने ६-६ अशी बरोबरी झाली, नवव्यानंतर पावसाने सतरा मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या इनिंगमध्ये आपल्या बेन झोब्रिस्टचा फटका तिसऱ्या बेसजवळून निसटला, तेव्हा तुझी आई धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिन्याच्या चौथ्या पायरीवर होती. "तिथंच थांब," मी ओरडलो. शेवटचा खेळाडू बाद होऊन ८-७ असा आपल्या बाजूने निकाल लागेपर्यंत ती टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली. त्या ओरडण्यात आवाज माझा होता, पण वाक्य आजीचे होते.

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला फारसे आवडत नाही. सांगलीत असतो तर बहुधा केले नसते. कॉलेजच्या पहिल्या परीक्षेला निघताना आजीने वाटी पुढे केली, तेव्हा बाहेर स्कूटरवर मित्र उभा होता, म्हणून मी हात मागे घेतला. ती काहीच बोलली नाही. तिने वाटीवर झाकण ठेवले आणि रात्री तेच दही भातावर वाढले. ते गोड लागले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की तिने साखर आधीच घातलेली होती.

परवा दुसरी चाचणी आहे. वाटी ओट्यावर गाडीच्या किल्ल्यांशेजारी ठेवीन आणि मी वरच्या खोलीत असेन. नाही घेतलेस, तर रात्री भाताबरोबर मीच खाईन.

तुझा,
बाबा