जमिनीत कस आहे, मग ऊस का खुरटतो?

प्रश्न : वाळवा तालुक्यात नदीकाठची काळी जमीन आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.48, सामू (pH) 8.3, क्षारता 1.9 आणि पालाश भरपूर आला. अहवालावर ‘सुपीकता मध्यम’ असा शेरा आहे. तरी उसाचा उतारा एकरी 55 टनांवरून 35 वर आलाय. जमिनीचा कस गेला का? खताचा डोस वाढवू का?

उत्तर : डोस वाढवू नका. सुपीकता म्हणजे जमिनीतला अन्नद्रव्यांचा साठा, आणि तो तुमच्या रानात आहे. उतारा मिळायचा तर मुळांना ते अन्न उचलता आलं पाहिजे. तुमचं घोडं अडलंय क्षारतेपाशी. ती 1 च्या आत असली की काळजी नसते, 1 ते 2 मध्ये उगवण मार खाते. लागणीत तुटाळ पडते, म्हणजे मधेमधे ऊस उगवतच नाही, आणि त्या रिकाम्या जागी पुन्हा लावून, नांग्या भरून माणूस थकतो. रासायनिक खतही शेवटी क्षारच. जादा पोतं टाकून भर त्यातच पडणार.

वाफसा आल्यावर वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो का बघा. मग कमरेएवढा खड्डा काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाणी साचलं असेल तर निचरा हेच पहिलं काम. चर एकट्यानं काढून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या बांधकऱ्याशी बोलावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचं गाडं तिथंच रुततं. तोवर निदान पाटानं रान तुडुंब भरणं थांबवा, ठिबक करा.

जिप्सम कोणी गळ्यात मारत असेल तर थांबा. ते चोपण जमिनीला, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं (विनिमययोग्य) सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर. आधी तेवढी तपासणी करून घ्या.

कर्ब वाढवायला खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) तुटल्यावर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा. तो क्षार सोसतो. फुलोऱ्यात, साधारण 45 ते 50 दिवसांनी गाडा. पुढच्या खोडव्यात पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावू नका. ते सरीत दाबून पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. हा युरिया पाचट कुजवण्यापुरता, उसाच्या डोसात धरू नका.