ब्लॅक रॉक माउंटनला पहिल्यांदाच आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) नेताय?

मस्त बेत! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं हे सर्वांत उंच स्टेट पार्क, ३,६४० फूट. रस्ता खडा चढणीचा, त्यामुळे उजेडातच पोहोचा. परतताना खालच्या गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर नको, तापतात.

जागेवर लागलात की आधी गाडी समतल करा, चाकांखाली ठोकळे लावा. चहा नंतर.

आणि संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टाकी बरीच भरल्यावरच सोडा. नवखे हमखास इथेच चुकतात. मी पहिल्या खेपेला उघडा ठेवला होता. पाणी वाहून गेलं, घट्ट ते तळाशी बसलं. पुढचं सांगत नाही, जेवत असाल.

अस्वलं आहेत, चिवड्याचा डबासुद्धा रात्री बाहेर नको. सोलर, जास्तीच्या बॅटऱ्या? दोन-तीन ट्रिपा होऊ द्या, मग बोलू.