पोर्शे ९९७ ऑइल पितेय? खोलण्याआधी मोजा

गॅरेजवाल्याने "इंजिन खोलावं लागेल" म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय; हे ऐकून झोप उडाली असणार, पण थोडं थांबा. तुमची गाडी म्हणजे म्युनिकमध्ये सेकंडहँड घेतलेली २००६ ची पोर्शे ९११ करेरा एस (त्या पिढीचं नाव ९९७), ३.८ लिटर इंजिनाची, १ लाख १० हजार किमी झालेली. हजार किमीला पाऊण लिटर ऑइल घालावं लागतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर धूर येतो.

सकाळच्या धुराचं सोडा. या इंजिनात सहाही सिलिंडर आडवे असतात. गाडी रात्रभर उभी राहिली की थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून सिलिंडरात साचतं आणि स्टार्ट करताच जळून जातं. काही सेकंदांत विरणारा निळसर धूर हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे. ढगच्या ढग निघत असतील आणि थांबत नसतील, तर मात्र आधी ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग, बघा. गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू (आयडलवर) असताना ऑइल भरायचं झाकण आतून घट्ट ओढल्यासारखं लागलं, उघडता उघडेना, तर बहुधा तोच गेलाय. तो बदलायला इंजिन खोलावं लागत नाही.

आता पाऊण लिटर. हा आकडा काढला कसा? ९९७ ला डिपस्टिक (ऑइल मोजायची सळी) नाही, डॅशबोर्डवरच्या ऑइल-पातळीच्या पट्टीवर विसंबावं लागतं, आणि ती पट्टी जागेप्रमाणे बोलते. आमच्या घरापुढची पार्किंगची जागा उताराची. तिथं पट्टी खाली दिसली म्हणून मी दोनदा अर्धा-अर्धा लिटर ओतलं. सपाट जागी नेल्यावर ती कमालच्या वर! जास्तीचं ऑइल सेपरेटरमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, गेलं आणि आठवडाभर मी धूर सोडत फिरलो. शेजारच्या आजींनी खिडक्या लावून घेतल्या. चूक शंभर टक्के माझी. तेव्हा एकच सपाट जागा ठरवा, इंजिन पूर्ण गरम करून मग मोजा आणि ओतलेलं ऑइल किमीसकट वहीत लिहा.

दुसरी गंमत अशी, की रोज चार-पाच किमीच्या फेऱ्या असतील तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी घटतच नाही. मग एखाद्या रविवारी ऑटोबानवर तीनशे किमी मारले की ते पेट्रोल उडून जातं आणि एका फेरीत अर्धा लिटर गायब झाल्यासारखं वाटतं.

  

खरी भीती बोअर स्कोअरिंगची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनने लांबीच्या दिशेने ओढलेल्या रेघांची. ३.८ लिटर इंजिनात हे होतं, आणि बहुतेकदा ४ ते ६ नंबरचे सिलिंडर असतात त्या बाजूला. खुणा म्हणजे एकाच बाजूचा सायलेन्सर पाइप काजळीने काळा होणं, गरम झाल्यावर टॅपेटसारखी टकटक आणि हळूहळू वाढत जाणारा ऑइलचा खप. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी) चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीच्या स्कोअरिंगमध्ये ती बऱ्याचदा ठीकच येते. बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, स्पार्क प्लगच्या भोकातून घातला तर भिंतीचा पलीकडचा, क्रँकशाफ्टकडचा भाग नीट दिसत नाही, आणि रेघा बऱ्याचदा तिथंच असतात. म्हणून संप प्लेट, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलच्या कप्प्याचं झाकण, काढून खालून बघायला सांगा. सोबत जुन्या ऑइलचा नमुना लॅबला द्या. अॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही चढलेले असतील तर संशय बळावतो. पेट्रोल किती मिसळलंय तेही त्यातच कळतं.

तुमच्या गॅरेजवाल्याने यातलं काहीच न बघता थेट खोलायचं कोटेशन दिलं असेल, तर मी तरी दुसऱ्या गॅरेजला जाईन.

आज दोन्ही पाइप आतून फडक्याने लख्ख पुसून घ्या. पाचशे किमीनंतर दोन्हींचा फोटो आणि वहीतले आकडे इथं टाका.