नुसत्या भाजी-भाकरीवर पोरगी वाढंल व्हय?

सांगलीत समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न वर्षभर येत राहतो. "आमच्याकडे अंडं-मटण बंद आहे. मुलांना पुरेसं मिळत असेल ना?" श्रावणात तो वाढतो आणि वारीहून परतलेल्या घरांतून तर हमखास येतो. विचारते बहुतेक वेळा आई. पण तिच्या तोंडून सासू, शेजारीण, बालवाडीच्या बाई आणि मोबाईलवरचे व्हिडिओ असे सगळेच बोलत असतात. आज सांगतेय ते घर विश्रामबागेच्या बाजूचं. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, भांडण तेच ठेवलंय.

वडील कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, आई एका पतसंस्थेत. मुलगी चार वर्षांची, तिला चिऊ म्हणू. धाकटा दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा. आजी मूळच्या जतकडच्या. धाकटा जन्मला त्या वर्षी वडिलांनी पंढरपुरात माळ घातली आणि घरातलं रविवारचं मटण बंद झालं, मागोमाग अंडीही. आजींनी स्वतः माळ घातलेली नाही. मुलाच्या शब्दाखातर त्यांनी मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं, पण मनातून त्यांना हे पटलेलं नव्हतं. पहिल्या भेटीत खुर्चीवर टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अवो बाई, नुसत्या भाजी-भाकरीवर पोरगी वाढंल व्हय? हिच्याच वयाची माझ्या लेकीची पोरगी बघा, कशी गुटगुटीत हाय."

तक्रार एवढीच होती की चिऊ जेवत नाही. एकेक जेवण तासभर चालायचं. आई वाटी घेऊन मागे, समोर मोबाईल, मध्येच आजींचा उसासा, आणि शेवटी वडिलांचा चढलेला आवाज. आईने महागडी प्रोटीन पावडर आणली होती आणि ती संपत आली की तिला धडकी भरायची. वडील म्हणाले, "मॅडम, मी कुणावर सक्ती केलेली नाही. माळ माझी आहे." यावर आई काही बोलली नाही, खाली बघत राहिली. ते मी लक्षात ठेवलं.

वजन-उंचीचं मी ठरवत नाही, ते बालरोगतज्ज्ञांचं काम. त्यांच्याकडे आधी पाठवलं. चिऊचं वजन १४ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलीचं मधलं वजन साधारण १६ किलो आहे, पण १४ हेही निरोगी पट्ट्यात बसतं. महत्त्वाचं असतं ते मूल आपल्या रेषेवर वर सरकतंय का हे. या वयात वर्षाला दोनेक किलो वाढतात, तेवढी ती वाढली होती. आजींना तो आलेख दाखवला तर त्या म्हणाल्या, "कागदावर वाढती व्हय पोरगी?"

रक्ताच्या तपासणीत मात्र दोन गोष्टी निघाल्या. चिऊचं हिमोग्लोबिन १०.६. तिच्या वयाला ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. आणि बी-१२, हे जीवनसत्त्व शाकाहारी घरात दूध-दह्यातूनच मिळतं, ते तिचं ठीक होतं, पण आईचं कमी होतं. आई घरात सगळ्यात शेवटी जेवते. तोवर दही संपलेलं असतं, दूध पोरांना गेलेलं असतं, तिच्या वाट्याला चहापुरतं उरतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं बी-१२ आईवर अवलंबून असतं. डॉक्टरांनी आईला औषध सुरू केलं, चिऊला लोहाचं दिलं आणि धाकट्यावर लक्ष ठेवलं. ज्या प्रथिनांसाठी घर कासावीस झालं होतं, त्याचा या सगळ्यात कुठे पत्ता नव्हता.

मग मी एक वही करायला सांगितली. चिऊच्या पोटात जाईल ते सगळं लिहायचं, चमचाभर असलं तरी. पोरं काय खातात हे घरातल्या कुणालाच पूर्ण माहीत नसतं, कारण प्रत्येक जण वेगळ्या वेळी भरवतो. वही आली ती अशी: उठल्यावर मोठा ग्लास दूध, त्यात पावडर. मग आजीच्या मांडीवर चहात बुडवून बिस्किटं. बालवाडीच्या डब्यात जॅम-पोळी. दुपारी वरण-भाताचे चार घास. झोपून उठली की पुन्हा ग्लास. संध्याकाळी वडील येताना पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. रात्री साडेनऊला भाकरी-भाजी, ती नकोच. मग "काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून तिसरा ग्लास. या मुलीला जेवणाच्या वेळी भूक लागणार कुठून? दुधाने पोट भरलेलं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर चहा. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. चार वर्षांच्या मुलाला चहा देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्याकडे हे सांगताना मला दरवेळी अर्ध्या गावाचा राग ओढवून घ्यावा लागतो.

प्रथिनांचा हिशेब आम्ही टेबलावर बसून केला, कारण त्याशिवाय आईच्या मनातली पावडर हटली नसती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. शाळूच्या ५० ग्रॅम पिठाची भाकरी दिवसभरात मिळून गेली तर त्यातून पाचेक ग्रॅम. ३० ग्रॅम डाळ किंवा मटकी, म्हणजे शिजल्यावर मोठी वाटी, त्यातून साडेसहा. २० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट भाजीत, चटणीत मिळून, त्याचे पाच. झाले की सोळा-सतरा. दूध अजून मोजलेलंच नाही. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते ज्वारी-तांदळात. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. वडिलांनी हा हिशेब मोबाईलवर परत करून बघितला. आई म्हणाली, "मग आमचे डब्यामागे डबे कशात गेले?"

यानंतर आईशी एकटीशी बोलले, तेव्हा खरी गाठ सापडली. दर पंधरवड्याला ती मुलांना घेऊन मिरजेला माहेरी जायची. तिथे चिऊला अंडं मिळायचं आणि वर बजावलं जायचं, "पप्पांना सांगायचं नाही हं." घरच्या आजींना हे माहीत होतं, त्यांचीच फूस होती. चिऊ एकदा भरल्या ताटावर म्हणाली, "मला मिरजेचं पाहिजे." वडिलांनी विचारलं, मिरजेचं काय? सगळे गप्प. त्या दिवसापासून ती घरी आणखीच कमी जेवायला लागली होती.

अंडं द्यावं की नाही हे मी कुणाला सांगत नाही. तो त्या घराचा निर्णय. पण चार वर्षांच्या मुलीच्या ताटाला गुपित चिकटवलं की ती जेवणाकडे भीतीनेच बघणार. तिला अंड्यातलं काही कळत नव्हतं. काय खाल्लं की कोण रागावतं, एवढं मात्र तिला चांगलं कळत होतं. पुढच्या भेटीत तिघांना एकत्र बसवलं आणि आईने स्वतःच ते सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मिरजेला काय होतं ते मिरजेच्या घरचं. मी विचारणार नाही. पण तिला खोटं बोलायला लावू नका." आजींना हे इतकं सरळ सुटेल असं वाटलं नव्हतं, त्या वाद घालायच्या तयारीने आल्या होत्या.

मला मात्र वडिलांशी अजून एक बोलायचं होतं. मटण बंद केल्यावर स्वयंपाकाचं काम कमी होत नाही, वाढतं. कडधान्य आदल्या रात्री भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आणायचे, कूट करायचं, पालेभाजी निवडायची. मी विचारलं, "माळ तुमच्या गळ्यात आहे, हे सगळं कुणाच्या गळ्यात?" ते हसले, पण समजले. रात्री मटकी-हुलगे भिजत घालणं आणि सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं दाण्याचं कूट करून ठेवणं ही दोन कामं त्यांनी घेतली. शाकाहारावर व्याख्यान देणाऱ्या पुरुषांना मी आता आधी हेच विचारते.

आजींची काळजी प्रेमापोटीच होती, तिला नुसतं "गप्प बसा" म्हणून चाललं नसतं. मी त्यांना विचारलं, दुष्काळात जतला तुम्ही पोरांना काय घालत होता? मटण काय रोज शिजत नव्हतं. मग जी यादी सुरू झाली ती मी लिहून घेतली. हुलगे भाजून दळलेल्या पिठाचं गूळ घातलेलं माडगं. लसणाच्या फोडणीतले हुलग्याचे शेंगोळे. ताकातल्या ज्वारीच्या कण्या. लाह्यांचं पीठ. हरभऱ्याच्या नाहीतर मटकीच्या घुगऱ्या. बाजरीची भाकरी आणि तीळकूट, तेही थंडीत. उकडलेल्या शेंगा. "ह्ये तर गरिबाचं खाणं, बाई," असं म्हणत म्हणत त्या खुलत गेल्या. संध्याकाळचं पाच वाजताचं खाणं मी त्यांच्याकडे सोपवलं. अट एकच, चहा-बिस्कीट नाही.

त्या पाच वाजताच्या खाण्याने घर सावरलं असं मी म्हणेन. भडंग तर सांगलीच्या घराघरांत असतंच. त्यात कूट आणि मेतकूट जास्त, तिखट कमी. घुगऱ्यांवर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. पेरूची फोड दिली तरी तेच काम होतं. बालवाडीच्या डब्यात भाजणीचं छोटं थालीपीठ, पिठल्याची वडी, राजगिऱ्याचा लाडू. तासगावचे बेदाणे मूठभर ठीक, पण ते दाताला चिकटतात, नंतर चूळ भरायला लावायची. धाकट्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि बेदाणे अजिबात नाहीत. घशात अडकतात, त्याला कूट, आणि घुगऱ्या कुस्करून. एकादशीला मुलांनाही साबुदाणा मिळायचा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यातलं कूट तेवढं कामाचं. मुलांना उपास घडवायची गरज नाही, त्यांच्यासाठी वरण-भात टाका, असं मी म्हटलं आणि वडिलांनी लगेच मान्य केलं.

जेवणाची शिस्तही बदलली. काय वाढायचं आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे चिऊने. रात्रीचं ताट साडेसातला, सगळ्यांबरोबर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. अर्ध्या तासाने ताट उचलायचं, न रागावता. दूध दिवसाला दोन कप, जेवणाच्या तोंडावर नाही. नवी भाजी ताटात चमचाभर ठेवायची आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एखादी चव आपलीशी व्हायला मुलांना ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. पहिल्या दोन रात्री चिऊ जवळजवळ उपाशी झोपली. आजींनी मला फोन करून चांगलंच सुनावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन थालीपिठं खाल्ली. पालेभाजी ती अजून खात नाही. शेपूचा वास आला की नाक धरते. मेथी पिठात मळली तर चालते, तेवढ्यावर सध्या भागवलंय. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं होतं. त्यात डॉक्टरांच्या औषधाचा वाटा मोठा, ते श्रेय मी हुलग्यांना देणार नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू हल्ली दिसते. काही तरुण जोडपी दूधही सोडतात. मुलं वाढतात, पण तिथे ढिलाई चालत नाही. बी-१२ वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. मोड आणल्याने किंवा इडलीचं पीठ आंबल्याने ते मिळतं असं फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून गोळी किंवा थेंब घ्यावेच लागतात. कॅल्शियमसाठी नाचणीचं नाव सगळे घेतात, आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं हे खरं, दुधात १२० च्या आसपास. पण मूल एका वेळी आंबिलीतून तीसेक ग्रॅम नाचणी खातं आणि दूध पितं ग्लासभर. म्हणजे नाचणी रोज हवी, जोडीला तीळ, राजगिरा आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध. आणि लहान मुलांच्या जेवणात तेल-कूट तोलून घालू नका; त्यांचं पोट छोटं, भाजी-भाकरी पटकन पोट भरते पण ऊर्जा कमी पडू शकते.

काही गोष्टी दिसल्या तर माझ्याकडे यायच्या आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. मूल माती, खडू, भिंतीचा पोपडा खात असेल. ओठ, तळहात पांढरट दिसत असतील. सहा महिन्यांत वजन अजिबात सरकलं नसेल, किंवा कमी झालं असेल. चालणारं-बोलणारं बाळ मलूल होऊन येतं ते विसरायला लागलं असेल, तर त्याच दिवशी. आणि जाताना आईनेही स्वतःचं रक्त तपासून घ्यावं.