फॅमिली थेरपीला पहिल्यांदा जाताना

‘आता यांना कुणीतरी नीट समजावेल’ असं मनात धरून जाऊ नकोस. आम्ही तसेच गेलो, आणि पहिल्या दोन भेटी तक्रारी मांडण्यातच गेल्या. थेरपिस्ट न्यायनिवाडा करत नाहीत. ते घरातलं चक्र शोधतात: एक ओरडतो म्हणून दुसरा गप्प होतो, तो गप्प म्हणून पहिला आणखी ओरडतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी ‘त्रिकोण’ ही कल्पना मांडली. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, बऱ्याचदा मुलाला. आमची मुलगी अशीच निरोप्या झाली होती. ‘बाबांना सांग’, ‘आईला विचार’. थेरपिस्टनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून थेट बोलायला लावलं. फार जड गेलं गं, पण त्या दिवशी लेकीचा चेहरा किती सैलावला!

सगळे यायला तयार नसतील तर जे तयार आहेत त्यांच्यासह सुरू कर. मात्र घरात मारहाण किंवा धाक असेल, तर एकत्र बसण्याआधी थेरपिस्टना एकटीने भेटून ते स्पष्ट सांग. आणि भेटीत निघालेला विषय घरी जाताना वाटेत पुन्हा उकरू नका.