आमच्या वाड्याचा भूगोल

प्रश्न: माझी लेक शिवाजी विद्यापीठात एम. ए. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढं पीएच. डी. करायची आहे आणि विषय म्हणे घरं, भाडेकरू आणि जेंट्रिफिकेशन. आम्ही स्वतः शुक्रवार पेठेत जुन्या वाड्यात भाड्यानं राहतो. वाडा आता बिल्डरकडं गेलाय, बोलणी चालू आहेत. स्वतःच्याच पेठेवर संशोधन चालतं का? आणि यात नोकरी आहे का?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर: नमस्कार. पेठेवर संशोधन जरूर चालतं. तुमच्या लेकीला येता-जाता जे कळतं, ते बाहेरून आलेल्या अभ्यासकाला कळायला वर्ष जातं.

लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरला, घरांच्या किमती चढल्या आणि जुने रहिवासी बाहेर पडले. या घडामोडीला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये जेंट्रिफिकेशन हे नाव दिलं. नील स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये त्यामागचं गणित मांडलं. जागेतून आज मिळणारं उत्पन्न आणि नव्या बांधकामातून मिळू शकणारं उत्पन्न यांत अंतर वाढलं, की पैसा तिकडं वळतो. तुमच्या वाड्याचं जुनं भाडं आणि पलीकडच्या नव्या फ्लॅटचा भाव शेजारी-शेजारी लिहून बघा, मुद्दा ध्यानात येईल.

पण लंडनचा साचा कोल्हापूरला जसाच्या तसा बसत नाही. इथं भाडेकरूला १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा आधार आहे. वाड्यांना वाटण्या न झालेले वारस आहेत. महापालिका १९७२ला झाली, पण हद्दवाढीचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला. पेठेतून निघालेलं कुटुंब शहराबाहेर उचगाव, पाचगाव, कळंब्याकडं गेलं, तर शहराच्या कुठल्या आकड्यात सापडणार?

या विषयातली खरी अडचण हीच आहे. जे गेले, ते मुलाखतीला भेटत नाहीत. मी पेठांत काम करायची तेव्हा वाड्यात शिरल्यावर आधी दारामागचा मीटरबोर्ड बघायची. एका वाड्यात सात मीटर होते, त्यातल्या चारांच्या वायरी तोडलेल्या, आणि एकाखाली खडूनं लिहिलेलं आडनाव अजून वाचता येत होतं. ते कुटुंब कुठं गेलं, हे शेजारच्या काकूंना ठाऊक होतं, सरकारी कागदाला नव्हतं. तुमच्या लेकीनं सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, घरफाळ्याची नोंद, इंडेक्स टू (खरेदी-विक्रीच्या नोंदणीचा उतारा) हे सगळं काढावंच. त्याच्या जोडीला तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, वर्गणीच्या जुन्या वह्याही मागाव्यात. पेठ सोडलेली कितीतरी माणसं गणपतीची वर्गणी आपल्या जुन्याच तालमीला देतात, आणि काही वह्यांत नावापुढं नवा पत्ता मिळतो. माझ्या मते इथल्या घरांवर काम करणाऱ्यानं सुरुवात तिथून करावी. तालमीतले वडीलधारे पोरीला एकदम वह्या देणार नाहीत, तेव्हा तुम्ही सोबत जा.

तुमचा स्वतःचा वाडा मात्र तिनं अभ्यासात घेऊ नये. बोलणी चालू असताना मालक तिच्याशी मोकळेपणानं बोलणार नाहीत, आणि तिच्या वहीतली एखादी गोष्ट तुमच्याच व्यवहारात आडवी येईल. शेजारची पेठ घ्यावी. आपण भाडेकरूची लेक आहोत हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात सरळ लिहावं, आणि माहिती देणाऱ्यांची नावं कुठंही छापू नयेत.

आता नोकरी. वाट लांबची आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत, त्यातली कुठली लागू होते ते बघा. त्यानंतरही कायम जागा निघेपर्यंत अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून तिनं जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायचं तंत्र, मनापासून शिकावं. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नकाशा करता येणाऱ्या आणि लोकांशी बोलता येणाऱ्या मुलीला नगररचनेच्या, घरांच्या प्रकल्पांत काम मिळू शकतं. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथंही तिनं चौकशी करावी.

मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या आधीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचारायला सांगा: लिहून दिलेलं प्रकरण सर किंवा मॅडम वाचून किती दिवसांत परत देतात?